सकाळी तिला कुणी खायला दिलं?

ओबेद मास्तरांनी रोवीना ताबीला आधी पाहिलं नाही, ऐकलं.

सोमवारची सकाळ होती. लामाबेलच्या धक्क्याला बोट लागत होती आणि मास्तर बोटीकडे पाठ करून, पोलिसांच्या गाडीच्या हौद्यात खोकी कशी रचायची ते सार्जंट रेक्सनला समजावत होते. राजधानीहून पत्र आलं होतं. मुलांसाठी काम करणाऱ्या सगळ्या खात्यांना एकत्र बसवून चार दिवस शिकवायला कुणीतरी येणार होतं. पोलीस, दवाखाना, शाळा आणि गावचे चीफ, सगळे एका खोलीत. लामाबेलमध्ये असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. रेक्सनने गाडी दोनदा धुतली होती.

"मोठं खोकं खाली. पडदा त्याच्यावर आडवा. चित्रं दाखवायचं यंत्र मी मांडीवर घेऊन पुढे बसतो," मास्तर म्हणाले.

"यंत्र आणतीलच कशावरून, मास्तर?"

"अरे, शेतीखात्याचा माणूस आला होता त्याने वीज करायचं जनित्रसुद्धा आणलं होतं. तो तर नुसत्या कोबीबद्दल बोलायला आला होता."

"लामाबेल शाळा," मागून एक बाईचा आवाज आला. "सकाळी सव्वासात. खडू संपले. पुन्हा सांगतो, खडू संपले."

मास्तर गर्रकन वळले. समोर पन्नाशी ओलांडलेली एक बुटकी बाई उभी होती. अंगात फुलाफुलांचा सैल झगा, डोक्यावर गुंडाळलेली केवड्याच्या पानांची चटई, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात ओल्या झालेल्या चपला.

"तुम्ही मला ओळखता?"

"चेहऱ्याने नाही. आवाजाने. बावीस वर्षं रोज सकाळी माझ्या कानात होतात तुम्ही." मग ती रेक्सनकडे वळली. "आणि तू लामाबेल पोलीस. फार भराभर बोलतोस रे बाबा. वाक्य संपायच्या आत बटण सोडून द्यायचास. तुझे निम्मे निरोप मी अंदाजाने लिहिलेत."

रेक्सनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे माझा बदलीचा अर्ज..."

"तोसुद्धा."

"म्हणूनच मी अजून इथे आहे, मास्तर," रेक्सन म्हणाला आणि हसत हसत त्याने तिच्या डोक्यावरची चटई उतरवून घेतली. स्वच्छ धुतलेल्या त्या मोठ्या हौद्यात ती एकटी चटई ठेवली. खोकी नव्हतीच.

रोवीनाची गोष्ट एवढीच होती. बेटांवर मोबाईल येण्याआधी प्रांताच्या कचेरीत रेडिओवर ती बसायची. सकाळी सव्वासातला शाळा, साडेसातला दवाखाने, आठला पोलीस, आणि मधल्या वेळात बोटी. एकाचा निरोप लिहून घ्यायचा आणि दुसऱ्याला वाचून दाखवायचा. मग मनोरे उभे राहिले, प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि रेडिओची खोली बंद झाली. तिच्याकडे पदवी नव्हती, शाळासुद्धा सहावीपर्यंतच. पण समाजकल्याणच्या एका शहाण्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, की कुठलं खातं कुठल्या खात्याशी काय बोलतं आणि काय बोलत नाही, हे साऱ्या प्रांतात या एकाच बाईने ऐकलेलं आहे. त्याने तिला शिकवायच्या कामावर घेतलं. ती पेंटेकॉस्ट बेटाची, लग्न न केलेली, पाण्याला भिणारी. बोटीत बसली की डोळे मिटून घ्यायची, आणि काम तर सगळं बोटीचंच.

बसायला चौथीचा वर्ग रिकामा करून दिला होता. चौथीची मुलं चार दिवस आंब्याखाली बसणार म्हणून त्यांचा आनंद वेगळाच. मास्तर आणि रेक्सन बाकं भिंतीकडे सरकवत होते तेव्हा रोवीना एका बाकापाशी थांबली. तिने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला खडूची पांढरी भुकटी लागली.

"बाकी सगळी बाकं मुलांच्या कोपरांनी पुसलेली आहेत," ती म्हणाली. "हे नाही."

"नेरीनाचं आहे ते," मास्तर म्हणाले. "तीन आठवडे झाले, येत नाही. पण काळजी नाही. तिला लुकाओतेम करतायत."

हे ते अगदी शांतपणे म्हणाले, कारण ते खरोखरच शांत होते. नऊ वर्षांची नेरीना ही त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आई नाही, बाप जोसेफ न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, सहा महिन्यांनी परतणारा. घरी जोसेफची म्हातारी आत्या होती, तिला सगळे बुबू म्हणायचे. ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मोठ्या बेटावर गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून नेरीनाचं बाक रिकामं. मास्तरांनी लगेच रेक्सनला गाठलं होतं. रेक्सन घरी जाऊन आला, दाराला दोरी बांधलेली होती. दोन दिवसांनी त्याने रस्त्यातूनच हात वर करून सांगितलं होतं, "आम्ही लुकाओतेम करतोय तिला, मास्तर." लुकाओतेम, म्हणजे बेटांच्या बोलीत, बघतोय. मास्तरांच्या जिवात जीव आला होता. रेक्सनच्या घरी, त्याच्या बायकोच्या हाताखाली, याआधीही दोन-तीन पोरं राहून गेली होती.

रोवीनाने बोट झग्याला पुसलं. चटई पसरताना तिने ती त्या बाकाच्या अगदी जवळ पसरली.

चटई चार माणसांची होती आणि माणसं होती पाच. म्हातारे चीफ मालोन काठी टेकत आले आणि मधोमध बसले. मास्तर बसले. दवाखान्याची नर्स जोसियान आली. फ्रेंच शाळेत शिकलेली, नीटनेटकी, कमी बोलणारी. ती बसली. रेक्सन मात्र दारातच उभा राहिला. सगळे बसल्यावर तो भिंतीच्या कडेकडेने आत आला आणि जोसियानकडे पाठ करून चटईच्या काठावर टेकला.

"तुझं काय रे?" रोवीनाने विचारलं.

रेक्सन मास्तरांकडे बघून म्हणाला, "सांगा ना, मास्तर."

"ती नात्याने त्याची सासू लागते. बायकोची मावशी," मास्तरांनी सांगितलं. "त्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचं नाही."

रोवीनाने जोसियानकडे पाहिलं. "वय काय तुझं, सासूबाई?"

"चौतीस."

"मास्तर, त्यांना सांगा मी छत्तीसचा आहे," रेक्सन भिंतीला म्हणाला. चीफ मालोन इतके हसले की त्यांना खोकला लागला.

रोवीना हसली नाही. "माझ्या बेटावर मी जावयाच्या सावलीवरसुद्धा पाय देत नाही. ही रीत मोडायची नाही. पण मग पोलिसांचा निरोप दवाखान्याला कसा जातो?"

रेक्सनने आणि जोसियानने, एकमेकांकडे न बघता, एकाच वेळी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांची मान ताठ झाली. सहा वर्षं ते हे काम करत होते आणि एकही निरोप विसरले नव्हते.

पहिला दिवस भर्रकन गेला. रोवीनाने काही शिकवलंच नाही. प्रत्येकाला फक्त सांगायला लावलं, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं. त्यातून एकेक गंमत बाहेर पडू लागली. जोसियान महिन्यातून दोनदा पलीकडच्या खाडीत बाळांना टोचायला चालत जाते, चार तास. रेक्सनची होडी त्याच दिवशी त्याच खाडीत रिकामी जाते. शाळेत भरलेलं उंची-वजनाचं वहीपान दवाखान्याला कधी दिसलंच नव्हतं, तिकडे तीच मुलं पुन्हा मोजली जात होती. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "अरे, हे आधी नाही का सांगायचं," आणि दुसरा म्हणायचा, "तू विचारलंस का कधी?" दुपारी मास्तरांच्या बायकोने केळीच्या पानात भाजलेला कंदांचा लापलाप आणला तेव्हा चौघंही एका वेळी बोलत होते. खरं तर तिघं एकमेकांशी आणि रेक्सन भिंतीशी. मास्तर घरी गेले ते चालत नाही, जवळजवळ पळतच.

मंगळवारी सकाळी रोवीनाने पिशवीतून कागदाचे चौकोनी तुकडे काढले.

"मुलांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा तुम्हा सगळ्यांना नियम आहे, आणि तो बरोबर आहे. तेव्हा नाव नको. सध्या हातात असलेल्या, नीट चाललेल्या एका मुलाबद्दल चार ओळी लिहा. जे काम छान जमलंय असं वाटतं, तेच."

चीफ म्हणाले, त्यांना लिहिता येत नाही, ते ऐकतील. बाकीचे लिहू लागले. मास्तरांनी अक्षर घोटून लिहिलं. कागद गोळा झाले. रोवीनाने ते चटईवर एका ओळीत ठेवले आणि रेडिओवर वाचायची तशी, चढउतार न करता वाचू लागली.

"पोलीस. मुलगी, नऊ वर्षं. बाप परदेशी फळं तोडायला. शाळेने कळवलं. आम्ही लुकाओतेम केलं. आता दवाखाना लुकाओतेम करतो आहे, म्हणून आमचं काम पूर्ण."

जोसियानने मान वर केली.

"दवाखाना. मुलगी, नऊ वर्षं. पायाला समुद्रातल्या पोवळ्याने कापल्याची जखम, मलमपट्टी चालू होती. येईनाशी झाली. शाळेकडून कळलं, पोलीस लुकाओतेम करत आहेत. मलम तिकडे पाठवलं.

"शाळा. मुलगी, नऊ वर्षं. पोलीस लुकाओतेम करत आहेत. औषधही वेळेवर पोचवलं."

तिने तिन्ही कागद एकमेकांना चिकटवून ठेवले.

"ही एकच मुलगी आहे," रोवीना म्हणाली. "मला एकच सांगा. आज सकाळी तिला कुणी खायला दिलं?"

मास्तरांनी रेक्सनकडे पाहिलं. रेक्सन भिंत सोडून पूर्ण वळला होता.

"मास्तर, ती त्यांच्याकडे आहे ना? दवाखान्यात?"

"माझ्याकडे?" जोसियान मास्तरांकडे बघून म्हणाली. "मास्तर, ती पोलिसांच्या घरी आहे. तुम्हीच म्हणालात. मी तिथे पाऊल टाकू शकत नाही म्हणून तर मलम तुमच्या हाती पाठवलं."

"मी म्हणालो, पोलीस लुकाओतेम करतायत..." मास्तर म्हणाले.

"शोधतोय असं म्हणालो होतो मी," रेक्सन म्हणाला. "तिला शोधतोय, एवढंच. मग तुम्ही मलम आणून दिलंत आणि म्हणालात, सिस्टरपण लुकाओतेम करतेय, मुलीसाठी दिलंय. मला वाटलं त्यांना सापडली, त्यांनी ठेवून घेतली. मी शोधणं थांबवलं."

"आणि मलम?"

"मुलीसाठी म्हणालात. माझ्या मुलीच्या गळवाला लावलं."

शोधणं म्हणजेही लुकाओतेम आणि सांभाळणं म्हणजेही लुकाओतेम. सगळी बेटं हा शब्द दिवसातून शंभरदा बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही, कारण बोलणारा समोर असतो, त्याचा हात कुठे आहे ते दिसतं. इथे शब्द मास्तरांच्या खिशातून प्रवास करत होता. सहा वर्षांत एकही निरोप न विसरलेल्या मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन आठवडे त्या पांढऱ्या बाकासमोर उभं राहून ते भागाकार शिकवत होते.

"माझी चूक," ते म्हणाले. "सगळी माझी..."

"ते उद्या," रोवीना म्हणाली. "उद्या सगळा दिवस आहे त्याला. आता सांगा, त्या घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. बाप तिकडे, बुबू ऑपरेशनला. एक डुक्कर आहे."

"साधं?"

"सुळ्याचं," चीफ मालोन पहिल्यांदाच बोलले. "जोसेफ सात वर्षं वाढवतोय. सुळा वळून परत जबड्याला टेकायला आलाय. असं डुक्कर इथे दुसरं नाही."

"त्याला कोण खायला देतं?"

चीफनी काठी जवळ ओढली. सुळ्याचं डुक्कर स्वतः उकरून खाऊ शकत नाही. खालचा सुळा वळत वाढावा म्हणून वरचे दात काढलेले असतात, तेव्हा कंद शिजवून, मऊ करून त्याच्या तोंडात द्यावे लागतात. एखाद्याने दोन दिवस दिले नाहीत तर ते ओरडून डोंगर डोक्यावर घेतं.

"परवा मी वरच्या वाटेने आलो," चीफ सावकाश म्हणाले. "जोसेफच्या बागेच्या अंगाने. ते ओरडत नव्हतं."

रेक्सन उठला तो दारातून नव्हे, खिडकीतून बाहेर पडला, कारण दाराच्या वाटेवर सासूबाई होत्या.

पाच मिनिटांत गाडी निघाली. पुढे रेक्सन आणि चीफ, मागे हौद्यात जोसियान, रोवीना, मास्तर आणि औषधांची पेटी. चौथीची मुलं आंब्याखालून उठून गाडीमागे धावली, मास्तरांनी हौद्यातूनच त्यांना सतरा ते एकोणीसचे पाढे दिले. रस्ता नदीपाशी संपतो. तिथून गुडघाभर पाणी, मग चढ. रोवीनाने पाणी पाहिलं, डोळे मिटले, मास्तरांचा सदरा मागून धरला आणि पार झाली. बासष्टीला आलेले मास्तर गेल्या दहा वर्षांत असे चढले नव्हते. त्यांना धाप लागली होती आणि तरी एक वेडी, उत्सुक आशा पायांना ढकलत होती. डुक्कर ओरडत नव्हतं. डुक्कर ओरडत नव्हतं.

रेक्सन सगळ्यांच्या खूप पुढे होता. सासूच्या पुढे चालायचं तर इतकं पुढे, की ती दिसायलाच नको. वरून त्याची हाक आली, "मास्तर. आहे. इथे आहे."

बागेतल्या पानांच्या झोपडीत नेरीना भिंतीला टेकून बसली होती. एक पाय पुढे पसरलेला, घोट्यापर्यंत सुजून चकचकीत झालेला. मांडीवर शिजवलेल्या अळूच्या कंदाचा गोळा होता आणि कुंपणाच्या फटीतून तोंड आत घातलेलं ते प्रचंड डुक्कर तिच्या बोटांतून एकेक घास घेत होतं. तिच्या कपाळाला हात लावायचीही गरज नव्हती, दारातूनच ताप कळत होता.

मास्तरांना बघून ती उठायला लागली. "मी शाळा बुडवली, मास्तर," ती म्हणाली. "बुबू म्हणाली होती तुमच्याकडे राहायला जा. पण पप्पा जाताना म्हणाले होते, डुक्कर लुकाओतेम कर. मग मी इकडे आले. आधी रोज खालीवर ये-जा करणार होते. मग पाय दुखायला लागला."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले.

"पाठ मात्र आहे मला. चोवीस चोक शहाण्णव."

जोसियान गुडघ्यांवर बसली. एका नजरेत तिने पाय पाहिला आणि तिचा नेहमीचा शांत आवाज एकदम धारदार झाला. पू काढायला हवा होता, आत्ता, इथे, आणि त्यासाठी मुलीला कुणीतरी घट्ट धरायला हवं होतं. मास्तरांना अजून धाप लागलेली, चीफ म्हातारे, रोवीना बुटकी. धरण्यासारखा एकच माणूस होता आणि तो झोपडीबाहेर, पाठ फिरवून, फणसासारख्या एका मोठ्या झाडाला टेकून उभा होता.

जोसियानने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर निरोप घ्यायला पुढे वाकलेही.

"नाही," रोवीना म्हणाली. "मास्तर नकोत. सिस्टर, झाडाला सांग."

"काय?"

"झाड तुझा जावई नाही. त्याला सांग काय हवंय ते. ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

जोसियानने पेटी उघडली. मग तिने झाडाकडे तोंड केलं आणि दवाखान्यातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "झाडा, आत ये. तिच्या डाव्या बाजूला बस. गुडघा धर आणि काही झालं तरी सोडू नकोस."

रेक्सन आत आला, खाली मान घालून डाव्या बाजूला बसला आणि त्याने गुडघा धरला.

"झाडा, जरा वर."

गुडघा वर गेला.

"इतका नाही, झाडा. शिकलास कुठे?"

"झाडांना कुणी शिकवत नाही," रेक्सन जमिनीला म्हणाला, आणि तापाने फणफणलेली नेरीना खुदकन हसली. ती हसत असतानाच जोसियानने काम केलं. पोर एकदाच किंचाळली, पण रेक्सनचा हात हलला नाही.

खाली आणायचं ठरलं तेव्हा नेरीनाने कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी धरून ठेवला. डुकराला सोडून ती यायची नव्हती. चीफनी समजावलं, मास्तरांनी समजावलं. शेवटी रोवीना म्हणाली, "बरोबर आहे तिचं. त्याला उद्या कोण खायला देणार, सांगा मला." चीफनी दोरी शोधली. तेव्हा सगळी वरात निघाली. पुढे रेक्सनच्या पाठीवर नेरीना, मागे पेटी घेतलेली जोसियान, ती अधूनमधून वाटेतल्या झाडांना "सावकाश उतर" म्हणत होती, तिच्यामागे रोवीना, आणि सर्वांत शेवटी, दोरीची दोन टोकं धरून, चीफ मालोन आणि ओबेद मास्तर, मध्ये डुक्कर. नदीत डुक्कर मास्तरांपेक्षा बरं चाललं.

बुधवारी मास्तर वर्गात आले ते रात्रभर जुळवलेली कबुली घेऊनच. सगळी चूक त्यांची कशी, हे त्यांनी उभं राहून सांगितलं. रोवीनाने शेवटपर्यंत ऐकलं.

"मास्तर, तुम्ही सहा वर्षं निरोप नेलेत. मी बावीस वर्षं नेले. हा शब्द मी किती वेळा लिहून घेतला आणि जसाच्या तसा पुढे वाचून दाखवला, त्याची मोजदाद नाही. 'मुलाला लुकाओतेम करत आहोत.' खाली सही, वेळ. पुढे काय झालं ते रेडिओवर कळत नाही. तुमची मुलगी तुम्हाला सापडली. माझ्या निरोपांतली मुलं मला माहीतही नाहीत." ती चटईवर थोडी सरकली. "म्हणून बोटीत बसते. बसा आता खाली, जागा करा सार्जंटला."

शब्द बंद करायचा का, असं चीफनी विचारलं. ती म्हणाली, शब्द बंद होत नसतात. पण कामाच्या बोलण्यात कुणी लुकाओतेम म्हटलं, की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे विचारायचं, सकाळी तिला कुणी खायला दिलं? उत्तरात माणसाचं नाव आलं तर सांभाळणं. नाव आलं नाही तर शोधणं, आणि मग सगळ्यांनी उठायचं. दोन दिवस त्यांनी हाच खेळ खेळला. रोवीना पाठ करून बसायची, रेडिओसारखे खोटे निरोप द्यायची, आणि पहिला जो प्रश्न विचारेल त्याला नारळाच्या दुधातली एक वडी. चीफ सगळ्यांत जास्त जिंकले. मधल्या वेळात दवाखान्यातून निरोप येत होते. ताप उतरला. सूज उतरली. पेशंट विचारतेय डुक्कर जेवलं का.

उरला सासू-जावयाचा प्रश्न. झाड वर्गात आणता येत नव्हतं, तेव्हा रोवीनाने चटईच सुचवली. दोघांनीही चटईकडे बघून बोलायचं.

"चटई," रेक्सनने पहिल्यांदा प्रयत्न केला, कान लाल करून, "पुढच्या गुरुवारी होडी पलीकडच्या खाडीत जाणार आहे. कुणाला बाळं टोचायला यायचं असेल तर टोकाला जागा आहे."

"चटई," जोसियान म्हणाली, "कुणाच्या मुलीचं गळू फुटलं का? पोवळ्याचं मलम त्याला चालत नाही. तिला बायकोबरोबर पाठव म्हणावं."

मास्तर दोघांच्या मध्ये बसले होते. सवयीने त्यांची मान आधी इकडे आणि मग तिकडे वळली, पण निरोप आधीच पोचला होता. त्यांना हलकं वाटलं आणि जरासं रिकामंही.

"मग माझं काम काय आता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही शाळा चालवा, मास्तर," रोवीना म्हणाली. "आणि खडू संपण्याआधी सांगत जा. संपल्यावर नाही."

जोसेफ परत येईपर्यंत नेरीना मास्तरांच्या घरी राहील, पायाकडे जोसियान बघेल, बापाला फोन रेक्सन करेल, हे गुरुवारी संध्याकाळी ठरलं. डुक्कर मास्तरांच्या स्वयंपाकघरामागे बांधलं गेलं आणि मास्तरांच्या बायकोने त्याला रोज दोनदा नावं ठेवत चारलं. शुक्रवारी सकाळी नेरीना काठी टेकत शाळेत आली. घंटा व्हायच्या आधी तिने स्वतःच आपलं बाक कोपराने पुसलं. खालच्या धक्क्यावर रोवीना बोटीत चढत होती. निघण्याआधी चटई गुंडाळताना तिला दिसलं होतं, की आदल्या दिवशी मास्तरांच्या दारात वाळत टाकलेल्या तिच्या चटईचा एक कोपरा डुकराने चघळून टाकला होता. मास्तर फार ओशाळले, दुसरी विणून देतो म्हणाले. तिने ऐकलं नाही. डोळे मिटून घेतले आणि बोट सुटली.

रोवीना आता चौसष्ट वर्षांची आहे. पेंटेकॉस्टला भावाच्या घराशेजारी राहते आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कोपरा नसलेली चटई घेऊन, कुठल्या ना कुठल्या बेटावर शिकवायला जाते.